जुन्या जीपमध्ये टर्बो डिझेल: हवेची वाट स्वतः कशी घडवायची

जुनं इंजिन उतरवून टर्बो डिझेल (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून हवा दाबणारा पंखा, म्हणजे टर्बो, असलेलं डिझेल इंजिन) चढवायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष माउंटिंग, बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) आणि वायरिंगकडे जातं. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतची नळी शेवटच्या दिवशी, हाताला लागेल त्या होजने जोडली जाते. नव्या इंजिनाचं आयुष्य मात्र त्याच नळीवर ठरतं. म्हणून हा लेख फक्त त्या वाटेबद्दल आहे: बाहेरची हवा टर्बोत आणि टर्बोतून इंजिनात कशी न्यायची.

उदाहरण माझ्याच गाडीचं घेतो. महिंद्रा एमएम ५४०, मूळचं प्यूजोचं एक्सडीपी इंजिन, २११२ सीसी, टर्बो नाही. त्या जागी २०२० आधीच्या थारमधलं २४९८ सीसी सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिन: १०५ बीएचपी, २४७ एनएम. तुमची गाडी आणि इंजिन वेगळं असेल, पण गणित आणि कामाचा क्रम हाच राहील.

कामाला हात घालण्याआधी कागदांचं बघा. इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करायला आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमावर कडक भूमिका घेतली आहे. परवानगी आणि विमा कंपनीला लेखी कळवणं, या दोन गोष्टी झाल्याशिवाय जुनं इंजिन उतरवू नका.

आधी सक्शन, मग प्रेशर

टर्बोच्या दोन बाजू असतात. फिल्टरकडून येते ती सक्शनची, इंजिनाकडे जाते ती प्रेशरची. प्रेशरच्या बाजूला गळती झाली तर शिट्टी वाजते, काळा धूर येतो, गाडी ओढत नाही, म्हणजे दोष लगेच कळतो. सक्शनच्या बाजूला गळती झाली तर काहीच कळत नाही. फिल्टरला वळसा घालून धूळ आत जाते आणि लाखाच्या वर आरपीएमने फिरणाऱ्या कॉम्प्रेसर व्हीलच्या (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या चाकाच्या) कडा खात बसते. पुढे तीच धूळ रिंगा आणि सिलिंडर घासते.

दुसरी गोष्ट अडथळ्याची. टर्बो आत आलेल्या हवेचा दाब काही पटींनी वाढवतो. समजा तो दुप्पट करतोय आणि सक्शनमध्ये तुम्ही ५ किलोपास्कल घालवलेत, तर मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळीत) १० किलोपास्कल कमी पडतात. ते भरून काढायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. त्यामुळे वेळ आणि पैसा मोजका असेल तर तो आधी सक्शनवर खर्च करा, प्रेशरच्या बाजूचे चकचकीत बूस्ट पाइप नंतर.

किती हवा लागते?

फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीएवढी हवा ओढतं. २.४९८ लिटरचं निम्मं १.२४९. ३८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ६३.३ फेऱ्या. गुणाकार ७९ लिटर. भरण्याची क्षमता ९० टक्के धरली तर ७१ लिटर. पण ही मॅनिफोल्डमधली, दाबलेली हवा झाली. एक बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) आणि इंटरकूलरनंतर (दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीनंतर) ६० अंश तापमान धरलं, तर ती बाहेरच्या ३५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण १.८३ पट दाट असते. म्हणजे फिल्टरमधून सेकंदाला सुमारे १३० लिटर हवा जायला हवी. मिनिटाला ७.८ घनमीटर, कॅटलॉगच्या भाषेत २७५ सीएफएम (मिनिटाला घनफूट). कंपनीच्या सेटिंगवर एवढी लागणारही नाही, पण नळी या आकड्यासाठीच बनवा.

आता नळीचा व्यास. १.६ मिमी जाडीच्या ७६ मिमी पाइपचं आतलं माप जवळपास ७३ मिमी भरतं. त्यातून ही हवा सेकंदाला ३१ मीटर वेगाने जाते. तीच ५१ मिमी पाइपातून न्यायची तर वेग ७२ मीटरवर जातो आणि प्रत्येक वळणावर होणारं नुकसान पाच पटींहून जास्त वाढतं. वळणाचा आकारही तेवढाच महत्त्वाचा. दोन तुकडे तिरके कापून काटकोनात जोडले, तर तो एक सांधा गोल वळणाच्या चार-पाचपट दाब खातो. या इंजिनासाठी सक्शनला ७६ मिमी घ्या, ६३ च्या खाली जाऊ नका.

हवा कुठून घ्यायची

रेडिएटरच्या मागची हवा घेऊ नका. तिथे बॉनेटखाली ६५ अंश सहज होतात, आणि ३५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ती ९ टक्के विरळ असते. फिल्टरचं तोंड मडगार्डच्या आतल्या बाजूला, ग्रिलच्या कडेला किंवा फायरवॉलजवळ उंचावर न्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच बाजूला असेल तर मध्ये पत्र्याची आडभिंत घाला.

आपल्याकडे याहून मोठा प्रश्न पावसाचा. जुलैत ओढा ओलांडताना बॉनेटच्या उंचीची लाट पुढून येते. चार सिलिंडरच्या २४९८ सीसी इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ६२४ सीसी येतात. कॉम्प्रेशन रेशो १७-१८ धरला तर पिस्टन वर आल्यावर जागा उरते ३७ ते ३९ सीसी, कटिंग चहाच्या ग्लासाहूनही कमी. एवढं पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दबत नाही. म्हणून हवेचं तोंड बॉनेटच्या वरच्या कडेजवळ ठेवा. स्नॉर्केल (हवा उंचावरून घेणारी उभी नळी) लावणार असाल तर त्याची नळीही ७६ किंवा त्याहून मोठी हवी आणि प्रत्येक सांधा सील झालेला हवा. खालच्या कोपऱ्यात एक सांधा जरी उघडा राहिला तरी स्नॉर्केलचा उपयोग शून्य. पाण्यात गाडी बंद पडलीच, तर पुन्हा सेल्फ मारू नका. आधी फिल्टर उघडून बघा. तो ओला असेल तर ग्लो प्लग (थंड इंजिनात सिलिंडर तापवणारे प्लग) काढून, इंजेक्शन बंद ठेवून इंजिन फिरवा आणि आतलं पाणी बाहेर जाऊ द्या.

फिल्टर

जुन्या जीपचा ऑइल बाथ एअर क्लीनर मला मनापासून आवडतो. पण तो जुन्या इंजिनाच्या भुकेसाठी बनलेला आहे. दुप्पट-तिप्पट हवा ओढली की त्यातलं तेल हवेबरोबर पुढे जातं आणि आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरवर बसतं. इथे कोरडा कागदी फिल्टरच हवा: गोल डबा, आत मुख्य एलिमेंट, त्याच्या पोटात छोटं सेफ्टी एलिमेंट, आणि डब्याच्या तळाला धूळ बाहेर टाकणारा रबरी वाल्व. मराठवाड्यातल्या किंवा नगरकडच्या मातीच्या रस्त्यांवर हा वाल्व सोन्यासारखा आहे. अर्धीअधिक जाड धूळ तो कागदापर्यंत पोहोचूच देत नाही.

माझी पहिली चूक इथेच झाली. ५० एचपी ट्रॅक्टरच्या फिल्टरचा डबा स्वस्त मिळाला, जागेत बसलाही. वाटलं, ५० एचपीला चालतो, थोडा ताण घेईल. पण ट्रॅक्टरचं इंजिन २२०० आरपीएमच्या आसपास चालतं. टर्बो नसेल तर त्याला सेकंदाला ४५-५० लिटर हवा पुरते. मला हवी होती १३० लिटर. पुढे दाब मोजला तेव्हा नवाकोरा फिल्टर असूनही तो घाण भरलेल्या फिल्टरसारखा अडवत होता. फिल्टर निवडताना एचपी बघू नका, हवेचा आकडा बघा. टर्बो असलेल्या हलक्या ट्रकचा, ३०० सीएफएमच्या वरचा डबा घ्या. जागेसाठी मला बॅटरी हलवावी लागली, आणि ती हलवणंच बरोबर होतं.

तेल लावायचे कापडी कोन फिल्टर या कामात वापरू नका. त्यांचं तेल सेन्सरवर जातं, आणि आपल्या बारीक धुळीपुढे ते कागदाची बरोबरी करत नाहीत.

आधी प्लंबिंगच्या पाइपात

ॲल्युमिनियम कापण्याआधी संपूर्ण वाट पीव्हीसीत उभी करा. हार्डवेअरच्या दुकानात ७५ मिमीचा पाइप आणि त्याचे ४५ व ९० अंशांचे बेंड मिळतात. माप आपल्या ७६ च्या इतकं जवळ आहे की अंदाज चुकत नाही. इंजिन, रेडिएटर, बॅटरी, स्टिअरिंग सगळं जागेवर असताना तुकडे जोडत जा. बॉनेट लावून बघा. बॉनेटच्या आतून मातीचे किंवा कणकेचे गोळे ठेवले की झाकण बंद केल्यावर किती जागा उरते ते दबलेल्या गोळ्यावरून कळतं. २० मिमीपेक्षा कमी उरली तर वाट बदला.

मग कुणाला तरी गाडीत बसवून इंजिन चालू करायला, रेस करायला आणि बंद करायला सांगा. डिझेल इंजिन बंद होताना माउंटवर जोरात डोलतं. किती डोलतं ते पीव्हीसीवर मार्करने खूण करून मोजा. जिथे इंजिनाला बांधलेली नळी बॉडीला बांधलेल्या नळीला भेटते तिथे लवचिक होज लागेल, आणि ती एवढं हलणं सोसेल इतकी लांब हवी.

शेवटी प्रत्येक सांध्यावर मार्करने आडवी रेघ ओढा. पाइप वळवला तर रेघा जुळत नाहीत, म्हणून सुटे केल्यावर कोन हरवत नाही. पीव्हीसी फक्त मापासाठी. कितीही नीट बसलं तरी गाडीत ठेवू नका. बॉनेटखालच्या उष्णतेत ते मऊ पडतं.

पाइप, वेल्डिंग, बीड

१.६ ते २ मिमी जाडीचं ॲल्युमिनियम घ्या, वळणं मँड्रेल बेंडची (आत आधार घालून, न चेपता वाकवलेली) घ्या. सायलेन्सरवाल्याकडे वाकवलेला पाइप वळणावर चेपतो, तिथे व्यास कमी होतो. साधा लोखंडी पाइप तर नकोच. आतून गंजतो आणि गंजाचे पापुद्रे सरळ टर्बोत जातात. ॲल्युमिनियम परवडत नसेल तर ३०४ स्टेनलेस, वजन थोडं जास्त.

आर्गॉन वेल्डिंगवाल्याला नेहमीच्या कामापेक्षा एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. मी माझ्या मिस्त्रींना म्हणालो, "काका, बाहेरून कसंही दिसलं तरी चालेल, आतून थेंब लोंबता कामा नये." त्यांनी दोन्ही टोकं फाइलने अशी घासली की उजेडासमोर धरल्यावर फट दिसेना, मगच टाके मारले. सांधा असा बसला की फिलर कमी लागतो आणि आत काही उतरत नाही. काम झाल्यावर बोट फिरवून बघा. बोटाला टोचलं तर घासा.

होज बसते त्या प्रत्येक टोकाला बीड, म्हणजे उंचावलेली कड, असायलाच हवी. प्रेशरच्या बाजूला एक बार दाबात ५७ मिमीच्या नळीवर सुमारे २६ किलोचा जोर सांधा निखळवायला बघतो. बीड काढायचं हत्यार नसेल तर टोकापासून ५-६ मिमीवर बारीक वेल्डची एक गोल रेघ मारून घ्या आणि तिची धार मोडा, नाहीतर ती होज आतून कापते.

सेन्सर आणि ब्रीदर

मास एअरफ्लो सेन्सर डोनर गाडीतून (जिच्यातून इंजिन काढलं तिच्यातून) त्याच्या मूळ नळकांड्यासकट आणा. सेन्सर नळीतल्या छोट्याशा जागेतला वेग मोजतो आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्यावरून पूर्ण नळीचा हिशेब करतो. नळकांडं १० टक्के रुंद केलं तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं आणि सेन्सर हवा सुमारे १७ टक्के कमी दाखवतो. मग ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) आणि धुराची मर्यादा दोन्ही चुकतात. बाण टर्बोकडे ठेवा. सेन्सरच्या आधी जमेल तेवढी सरळ नळी ठेवा, वळणाला लागून बसवू नका. सेन्सर वरच्या अंगाला असू द्या, म्हणजे ओल किंवा तेल त्याच्यावर साचणार नाही.

क्रँककेसचा ब्रीदर पाइप (इंजिनाच्या खालच्या पोटातली तेलकट वाफ सोडणारी नळी) सेन्सरच्या पुढे आणि टर्बोच्या आधी जोडायचा. तो बाहेर मोकळा सोडू नका, आणि सेन्सरच्या आधी तर मुळीच जोडू नका. मध्ये तेल वेगळं करणारा डबा बसवा आणि त्याचं साचलेलं तेल वेळेवर काढा. डबा भरून तेल एकदम टर्बोत गेलं तर डिझेल इंजिन त्याच तेलावर पळत सुटू शकतं, आणि मग चावी बंद करूनही थांबत नाही.

पेट्रोल टर्बोवाल्यांसाठी एवढंच: बायपास वाल्वची (जादा दाबाची हवा परत सोडणाऱ्या झडपेची) परतीची नळीही याच जागी, सेन्सर आणि टर्बो यांच्यामध्ये यायला हवी. डिझेलला तो वाल्व लागत नाही.

टर्बोच्या तोंडाचं बाहेरचं माप व्हर्नियरने घ्या. ७६ वरून त्या मापावर उतरणारा रिड्यूसर लांबट हवा, पायरीसारखा नको. तोंडाआधी निदान दोन व्यासांएवढा सरळ तुकडा ठेवा. इथली होज तारेची किंवा जाड थरांची घ्या. रेडिएटरची होज वापरली तर ती गरम होऊन मऊ पडते आणि नेमकी पूर्ण लोडवर आत ओढली जाते.

प्रेशरची बाजू

३५ अंशांची हवा दुप्पट दाबली की टर्बोतून ती साधारण १३० अंशांनी बाहेर पडते. टर्बो ते इंटरकूलर या भागात सिलिकॉन होजच लावा, आणि ती आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेली मागा. साधं सिलिकॉन तेलाच्या वाफेने फुगतं आणि पाझरतं. पाइप ५१ किंवा ५७ मिमी पुरतो. टी-बोल्ट क्लॅम्प वापरा. साध्या जुबली क्लिपच्या खाचा सिलिकॉन कापतात. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे लावा, दोघांमध्ये थोडी फट ठेवा आणि कडेच्या मोकळ्या जागा फोमने बंद करा, नाहीतर हवा बाजूने निघून जाते.

जोडण्याआधी धुवा

सगळे पाइप साबणाच्या गरम पाण्याने आतून घासा, वाळवा, पांढरं फडकं दोरीने आरपार ओढा. फडकं स्वच्छ येईपर्यंत हेच करा. जुन्या गाडीतून काढलेला इंटरकूलर असेल तर आधीच्या टर्बोचे तुकडे त्यात अडकलेले असू शकतात. तो डिझेलने धुऊन उलटा टांगून ठेवा, रात्रभर निथळू द्या आणि दुसऱ्या दिवशी हवेने कोरडा करा. आत डिझेल राहिलं तर इंजिन तेही इंधन म्हणून जाळेल.

तपासणी

प्रेशरची बाजू: ७५ मिमीच्या पीव्हीसी एंड कॅपला भोक पाडून पंक्चरवाल्याकडचा ट्यूबलेस वाल्व बसवा. ही टोपी टर्बोच्या तोंडावर होजने घट्ट लावा. ऑइल फिलरचं झाकण उघडं ठेवा, कारण थोडी हवा रिंगांमधून क्रँककेसमध्ये उतरते. रेग्युलेटर लावून हळूहळू एक बारपर्यंत जा, त्याच्या वर नाही. टोपीसमोर उभे राहू नका. सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले तिथे क्लॅम्प सोडून पुन्हा बसवा, नुसता आवळू नका.

सक्शनची बाजू: रेडिएटरचा पंखा फिरत नसताना इंजिन २००० आरपीएमवर ठेवून घ्या आणि पेटती अगरबत्ती प्रत्येक सांध्याभोवती सावकाश फिरवा. धुराची रेघ सांध्याकडे वाकली की गळती आहे. माझ्या गाडीत सेन्सरच्या मागच्या होजला एक सुरकुती पडली होती आणि क्लॅम्प तिच्यावरच आवळला गेला होता. वरून काही दिसत नव्हतं. धूर मात्र बारीक दोऱ्यासारखा आत जात होता.

अडथळा मोजायला गवंड्याची लेव्हलची नळी घ्या. तिचा यू आकार करून पट्टीवर बांधा, रंगीत पाणी भरा. एक टोक टर्बोआधीच्या पाइपला लावलेल्या छोट्या निपलला जोडा, दुसरं मोकळं सोडा. निपल आणि यू यांच्यामध्ये एक रिकामी बाटली ठेवा, म्हणजे पाणी ओढलं गेलं तरी ते बाटलीतच पडेल. मग मोकळ्या चढावर पूर्ण ॲक्सिलरेटरवर गाडी वरच्या आरपीएमपर्यंत न्या. शेजारी बसलेल्याने दोन्ही पातळ्यांमधला फरक वाचायचा. नव्या फिल्टरवर २५ ते ३८ सेंटीमीटरच्या आत हवा. ६० च्या पुढे गेला की फिल्टर बदलायची वेळ. ताम्हिणीच्या चढावर माझ्या ट्रॅक्टरच्या डब्याने ६८ दाखवले होते. मोठा डबा आणि ७६ चा पाइप बसवल्यावर तोच चढ, तोच गिअर, फरक २७.

पहिल्या २०० किलोमीटरनंतर सेन्सरच्या पुढची होज काढा आणि बोटाला पांढरं फडकं गुंडाळून पाइप आतून पुसा. ब्रीदरच्या तेलाचा पिवळट डाग आला तर ठीक. करड्या धुळीचा डाग आला तर गाडी तिथेच थांबवा आणि अगरबत्ती पुन्हा पेटवा. इंजिन गरम-थंड होऊन सगळे क्लॅम्प एव्हाना थोडे सैल झालेले असतात. तेही त्याच दिवशी एकदा आवळून घ्या.